शंभर ग्रॅम साखर

आपण घरी पोचायच्या आधी कुणी जेवायला बसलेलं सरांना चालत नसे, तास सुरू झाल्यावर कुणी वर्गात शिरलेलं चालत नसे, आणि आपल्या गैरहजेरीत एखादी महत्त्वाची गोष्ट घडली, तर ती घडली असं ते मुळी मानतच नसत. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं की माणसाचं असं होतं. त्यामुळे आपण शाळेत असताना आपल्याच दारातलं सिमेंट परस्पर घट्ट होऊन बसणार, ही कल्पना त्यांना सहन झाली नाही. पुढची सगळी शोभा त्यातूनच झाली.

मूळ काम अगदी साधं होतं. सरांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन ती दवाखान्यात होती आणि शनिवारी चाकांच्या खुर्चीतून घरी यायची होती. घर तळमजल्यावर, पण इमारतीच्या दाराला दोन पायऱ्या. दोनच. पण ती पडली त्या दिवशी त्याच दोन पायऱ्यांवरून चौघांनी तिला चादरीत घालून खाली नेलं होतं, आणि तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, ते दुखण्याबद्दल नव्हतं.

"पुन्हा मला लोकांदेखत पोत्यासारखं उचललंत तर मी घरी यायची नाही," ती म्हणाली. "इथंच राहीन. इथल्या नर्स बऱ्या आहेत."

"नाही उचलणार," सर म्हणाले. "शब्द देतो. तू खुर्चीत बसून, मान ताठ ठेवून आत येशील."

म्हणून पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करायचा ठरला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, हा प्रवेशद्वाराच्या मूळ स्वरूपात बदल आहे, तेव्हा अर्ज तीन प्रतींत लागेल आणि सोबत नकाशा. सरांनी चार रंगांत नकाशा काढला. त्यात बारा फुटांना एक फूट चढ होता, चाक घसरू नये म्हणून वरच्या थरात इंचाइंचावर तिरक्या खाचा होत्या, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. या बाणाचं इथं काय काम, असं सेक्रेटरींनी विचारलं. बाणाशिवाय नकाशा अपुरा असतो, असं सरांनी त्यांना नववीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. सेक्रेटरींनी सही केली, पण ती बाणावर केली.

काम मिस्त्रींना दिलं. हे मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे, बोलायच्या आधी थापीनं जमिनीवर दोनदा टकटक करणारे. इमारतीची गच्ची गळत होती आणि तिचं दोन महिन्यांचं काम त्यांनाच मिळणार, हे जवळजवळ नक्की होतं. उताराचं काम म्हणजे सेक्रेटरींच्या दृष्टीनं मिस्त्रींची चाचणी परीक्षा होती.

उतार होणार म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहत. नोकरीत त्यांनी किती रस्ते बांधले हे कुणाला माहीत नव्हतं, पण गेटपाशी उभं राहून दुसऱ्याचं काम तपासायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. "पाण्यात मीठ टाका सर, मीठ," ते म्हणाले. "एका रात्रीत दगड होतो."

"मी तर ऐकलंय, भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले की माल असा मऊ होतो!" पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

मग सरांनी गेटपाशी छोटंसं व्याख्यान दिलं. फळा नव्हता, म्हणून भिंतीवर बोटानं आकृत्या काढल्या. सिमेंट वाळत नाही, ते म्हणाले, सिमेंट पाणी पितं. प्रत्येक कण पाण्याशी संयोग पावतो, त्याला सुईसारखे बारीक स्फटिक फुटतात आणि ते एकमेकांत बोटं अडकवावीत तसे गुंततात. यात बाहेरचा पदार्थ घातला की हा संयोग बिघडतो. काही पदार्थ त्याची घाई करतात. काही त्याला अडवतात. "साखरच घ्या. सिमेंटच्या कणाभोवती ती पांघरूण घालते, मग पाण्याला आत शिरताच येत नाही. हा पोरखेळ नाही. माझ्या उतारात सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. बाकी कुणी काही घालायचं नाही!"

वहिनींनी साबणाचा नाद सोडला. मिस्त्रींनी दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "मंगळवारी करू. खाली विटांचे तुकडे भरून तीन पोत्यांचं काँक्रीट, वर एका पोत्याचा थर. वरचा थर अकराला होईल. ऊन आहे, एकपर्यंत घट्ट धरायला लागेल. मी लगेच खाचा पाडून टाकतो."

एकला! सरांची शाळा अडीचला सुटत होती. म्हणजे खाचा मिस्त्री पाडणार. अंदाजानं. नकाशात पंचेचाळीस अंशांच्या रेघा असताना हा माणूस हातानं ओढीत सुटणार. सरांना रात्रभर तळमळ लागली. रजा काढावी, तर हजेरीबद्दल साऱ्या शिक्षकांना वर्षानुवर्षं ऐकवलेलं. मिस्त्रींना काही सांगावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. पण साखर मनात आली.

आता सरांवर अन्याय व्हायला नको. त्यांनी मूठभर साखर उचलून टाकली असं झालं नाही. त्यांनी पुस्तक काढलं. उष्ण हवेत सिमेंट काही तास लांबवायला शेकडा पाच शतांश साखर पुरे, असं त्यात होतं. चार पोती म्हणजे दोनशे किलो. त्याला साखर शंभर ग्रॅम. गणित तीनदा पडताळलं. सोमवारी घरातला साखरेचा डबा पिशवीतून शाळेत नेला आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर नेमकी शंभर ग्रॅम साखर मोजून पुडीत बांधली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला सर जेवणाचा डबा हातात घेऊन, अगदी सहज फिरत असल्यासारखे, अंगणातल्या पाण्याच्या पिंपापाशी गेले. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. इकडेतिकडे पाहून त्यांनी पुडी सोडली. साखर शांतपणे तळाला गेली. तेवढ्यात गेटमधून मिस्त्रींची सायकल आत आली. सरांनी रिकामा कागद खिशात कोंबला.

"काय बघताय सर?"

"पाणी," सर म्हणाले. "स्वच्छ आहे."

आणि ते शाळेला गेले. जन्मात पहिल्यांदाच ते घंटा होण्याची वाट बघत बसले.

तीनला धापा टाकत घरी आले, तर काय, वरचा थर लोण्यासारखा ओला. मिस्त्री उकिडवे बसून त्याच्याकडे बघत होते. "सर, हे काही आज धरत नाही," ते म्हणाले. "खालचं काँक्रीट कधीच धरलं. हेच बसलंय रुसून."

सरांना मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. सिमेंट थांबलं होतं! तीस वर्षांत नववीचा एकही वर्ग त्यांच्यासाठी असा गप्प बसून राहिला नव्हता. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पितळी पट्टी आणि कोनमापक घेतला आणि तासभर गुडघ्यांवर बसून पंचेचाळीस अंशांत एकशे चव्वेचाळीस खाचा पाडल्या. संध्याकाळी बायकोला हाताला धरून दाखवायला नेलं. खाचा मिटल्या होत्या. थर पुन्हा गुळगुळीत.

"छान आहे," बायको म्हणाली. "खाचा उद्या पाडणार का?"

बुधवारी पाडल्या. त्याही मिटल्या. गुरुवारी सकाळी गेटपाशी सेक्रेटरी, ओव्हरसियर, वहिनी आणि दूधवाला जमले. सेक्रेटरींनी बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. "वरून ओलं वाटतं, पण आत संयोग पूर्ण झालेला असतो," असं म्हणून सरांनी खात्री पटवायला उतारावर पाऊल ठेवलं. पाऊल गेलं. ते ओढून काढलं, तेव्हा सर बाहेर आले आणि बूट आतच राहिला. दूधवाल्यानं तो दोन्ही हातांनी उपसून दिला. एका पायात मोजा घालून, हातात बूट धरून उभं राहिल्यावर अधिकारवाणीनं बोलणं फार अवघड जातं. सरांनी तरी प्रयत्न केला, पण कुणी ऐकलं नाही.

ओव्हरसियरांनी खिशातली किल्ली काढून थर खरवडला. दोन इंच चिखल, त्याखाली टणक काँक्रीट. त्यांनी किल्ली रुमालाला पुसली आणि निकाल दिला. "सरळ आहे. तीन पोती बरोबर पडली. शेवटच्या पोत्याला हात मारलाय. वाळूच जास्त आहे वरच्या थरात."

मिस्त्री तिथंच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, चारही पोती मी इथं दारात फोडली. रिकामी पोती अजून तिथं पडलीत."

"रिकामी पोती काय, कुठूनही आणता येतात."

"सर," मिस्त्री सरांकडे वळले, "तुम्ही सांगा."

सगळे सरांकडे बघू लागले. हीच ती वेळ होती, आणि सर पुढं कित्येक दिवस तिच्यापाशीच परत परत जाऊन उभे राहणार होते. एक वाक्य पुरलं असतं. पण चारच दिवसांपूर्वी भरल्या गेटात, भिंतीवर आकृत्या काढून, कुणी काही घालायचं नाही म्हणून बजावलेलं. शिवाय हिशेब मनात पुन्हा मांडला. शंभर ग्रॅम, पुस्तकाप्रमाणे, काही तासांचा उशीर. दोन दिवसांचा नव्हे. म्हणजे साखरेचा दोष नाही. म्हणजे मग... सरांनी घसा खाकरला आणि बुटासकट हात मागं घेतला.

"प्रमाणात गडबड असल्याशिवाय असं होणार नाही," ते म्हणाले.

मिस्त्रींनी टकटक केली नाही. सायकल काढली आणि गेले. सेक्रेटरी म्हणाले, गच्चीचं काम तूर्त थांबवतो, तुम्ही मला लेखी द्या. सरांनी त्याच संध्याकाळी लेखी दिलं. अक्षर नेहमीप्रमाणे मोत्यासारखं होतं, आणि त्यात 'सदर कारागिराच्या सचोटीविषयी शंका घेण्यास वाव आहे' असं एक वाक्य होतं. सेक्रेटरींनी कागद फलकावर लावला.

रात्री जेवताना बायकोनं चहाचा विषय काढला. "डब्यात साखर कमी दिसतेय," ती म्हणाली. "सोमवारी डबा शाळेत फिरायला गेला होता. तेव्हापासून."

सरांनी घास गिळला आणि सगळं सांगितलं. सांगताना शेकडा पाच शतांश हे शब्द चार वेळा आले.

"अहो, मग हे त्या मिस्त्रींना सांगितलंत का?"

"त्याचा याच्याशी संबंध नाही. गणित बरोबर आहे."

"गणित असेल," बायको म्हणाली. "मी काय विचारलं ते कळलं का पण?"

कळलं होतं. म्हणूनच सर शुक्रवारी अर्धी रजा काढून बांधकाम साहित्य तपासणी कार्यालयात गेले. साहित्यात खोट निघाली म्हणजे मनातली टोचणी थांबेल, असा त्यांचा बेत होता. आत्मसन्मान वाचवायला माणूस किती लांबचा रस्ता धरतो, हे त्या दिवशीचं बसभाडं सांगू शकेल. हातातल्या डब्यात थराचा नमुना होता. खिडकीतल्या कारकुनानं झाकण उघडून आत पाहिलं.

"हे काय?"

"काँक्रीट."

"काँक्रीटचा ठोकळा आणायचा असतो. सहा इंची. आम्ही तो यंत्रात दाबून फोडतो."

"हे फोडता येणार नाही," सर म्हणाले. "हे घट्टच होत नाही. तीच तर तक्रार आहे."

"मग घट्ट झालं की आणा."

"घट्ट झाल्यावर तक्रार कशाला करीन?"

कारकुनानं क्षणभर विचार केला. "मग तक्रारच नाही," तो म्हणाला आणि डबा परत सरकवला. "अर्जात बघा, 'नमुन्याचा आकार' असा रकाना आहे. यात काय लिहिणार? डब्यासारखा?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सर डबा छातीशी धरून बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे हो, सांडेल का? सर म्हणाले, दुर्दैवानं, हो.

शनिवार उजाडला. दहाला गाडी येणार होती. उतार आता पुष्कळ घट्टावला होता, पण पुष्कळ म्हणजे अंगठा दाबला तर नख जाईल इतका. चाकाचा भार त्यानं घेतला नसता. सर खिडकीत उभे राहून चार बळकट माणसांचा विचार करत होते, आणि विचार केल्याबद्दल स्वतःची लाज वाटत होती. एवढ्यात गेट वाजलं. मिस्त्री हातगाडी ढकलत आत आले. गाडीवर परांचीच्या कामाच्या दोन लांब, जाड फळ्या होत्या.

सर बाहेर धावले. "मिस्त्री, तुम्ही?"

"आज आजी येणार ना," मिस्त्री म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात, शनिवारी. उताराच्या बाजूनं फळ्या टाकतो. खाली विटा देतो. वीस मिनिटांचं काम."

ते विटा लावू लागले. फळ्यांना जागा हवी होती, म्हणून अंगणातलं रिकामं पिंप बाजूला करायला गेले आणि थांबले. सरही थांबले. पिंपाच्या तळाशी मुंग्यांचा थर होता. काळाभोर, हलणारा. भिंतीवरून त्यांची रांग थेट पिंपात उतरत होती. मिस्त्रींनी तळाला बोट लावलं. बोट चिकटलं. त्यांनी ते जिभेला लावलं, आणि मान वर करून सरांकडे पाहिलं.

आणि तेव्हा सरांना कळलं. ढवळलंच नव्हतं! साखर टाकली, ती तळाला बसली, पाक होऊन तिथंच राहिली. वरच्या पाण्यावर तीन पोती झाली, म्हणून खालचं काँक्रीट धरलं. तळाचं पाणी उपसून शेवटचं पोतं कालवलं आणि चार पोत्यांची साखर एका पोत्यानं खाल्ली. आठवीच्या वर्गात द्रावण करण्याच्या कृतीत 'ढवळा' हा शब्द लिहिला नाही, तर सर अर्धा गुण कापत. एकदा या शब्दावाचून एका मुलीचा पहिला नंबर गेला होता, आणि तिच्या वडिलांना सरांनी सांगितलं होतं, "विज्ञानात दयामाया नसते."

मिस्त्री नळाकडे वळले. त्यांनी नळाची रबरी नळी ओढली आणि पिंप आतून स्वच्छ धुऊन काढलं. एक मुंगी राहू दिली नाही. मग ते भिंतीशी पालथं घातलं आणि फळ्यांखाली विटांचा टेकू दिला. सरांना वाटलं, यापेक्षा त्यांनी चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं.

दहाला गाडी आली. खिडक्या उघडल्या. आईनं खुर्चीत बसून आधी उताराकडे पाहिलं, मग फळ्यांकडे.

"या फळ्या कुणी टाकल्या?"

"मिस्त्रींनी."

"शहाणा माणूस आहे. आणि तू काय केलंस?"

"मी... उतार केला," सर म्हणाले.

आईनं उतार पुन्हा एकदा पाहिला. मिस्त्रींनी मागून खुर्ची ढकलली. फळी थोडी दबली, चाकं चढली, आणि आई मान ताठ ठेवून, वरच्या खिडक्यांकडे एकवार बघून आत गेली. सरांनी दिलेला शब्द पाळला गेला होता. फक्त तो सरांनी पाळला नव्हता.

तिला पलंगावर बसवून सर बाहेर आले. सेक्रेटरी आणि ओव्हरसियर फलकापाशी उभे होते. गच्चीसाठी दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं चाललं होतं. मिस्त्री त्यांच्याकडे पाठ करून फळीखालच्या विटा काढत होते. आईला दुपारी बाहेर यायचं नव्हतं आणि फळ्या त्यांना दुसरीकडे हव्या होत्या.

"थांबा," सर म्हणाले. आवाज वर्गातला यायला हवा होता, आला नाही. "पाण्यात साखर मी घातली होती."

"कशात?" सेक्रेटरी म्हणाले.

"पिंपात. शंभर ग्रॅम. मिस्त्रींना न सांगता. आणि ढवळली नाही. मिस्त्रींचं पोतं पूर्ण होतं. गुरुवारी मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

मग वरच्या खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, आणि मला साबण घालू दिला नाही!" ओव्हरसियर इतके हसले की त्यांना कठड्याला धरावं लागलं. सेक्रेटरींनी तेवढं हसू आवरलं. ते म्हणाले, तक्रार लेखी होती, मागेही लेखीच घ्यावी लागेल, कारणासकट, आणि तीही फलकावर लागेल. सरांनी मान हलवली. तिथंच, कठड्यावर कागद ठेवून, सगळं लिहिलं. 'ढवळली नाही' हे शब्द लिहिताना अक्षर बिघडलं. सेक्रेटरींनी कागद वाचला आणि गच्चीचं काम सोमवारपासून सुरू करा, असं मिस्त्रींना सांगितलं.

सगळे पांगले. मिस्त्री हात झटकत जवळ आले. सर रागाच्या तयारीत उभे होते. राग त्यांना चालला असता.

"सर, एक विचारू?" मिस्त्री म्हणाले. "साखर कशाला घातली होती?"

"तुम्ही एकला खाचा पाडणार होता. मला यायला तीन वाजणार होते. म्हणून..."

"मला म्हणाला असतात तर मी काम दुपारीच सुरू केलं असतं. मी थांबलो असतो. सिमेंटला कशाला थांबवायचं?"

सरांनी उत्तर शोधलं. तीस वर्षं समोरच्यांनी दिलेली सगळी खोटी उत्तरं त्यांना पाठ होती, पण त्यातलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं. खरं उत्तर एकच होतं आणि ते साखरेपेक्षा वाईट होतं.

"तुम्हाला विचारता येतं, हे मला सुचलंच नाही," सर म्हणाले.

मिस्त्रींनी वाकून फळीचं एक टोक उचललं.

"दुसरं टोक धरा," ते म्हणाले. "तसं नाही सर, खालून. आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

सरांनी खालून धरलं.